दोन पावत्या

गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपून विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. आमच्या आळीतला एक मुलगा पेढे घेऊन आला. बारावीपर्यंत शिकलेला, दोन-तीन वर्षे टेम्पो चालवत होता. आता हेवी लायसन्स मिळाले आणि एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रक चालवायला लागणार म्हणून घरात आनंद होता. जय भीम करून त्याने पेढा हातावर ठेवला आणि विचारले, "काका, तुम्ही एवढी वर्षे काट्यावर काढली. सहा चाकीत नक्की किती टन चालतात? कोणी सोळा म्हणतो, कोणी साडेअठरा म्हणतो. शेठ म्हणतो, वीस भर, काही होत नाही."

मी त्याला आकडे सांगितले. तो समाधानाने निघून गेला. पण घरी आल्यावर मला झोप लागली नाही. मुलाला मी अर्धेच उत्तर दिले होते. उरलेले अर्धे उत्तर माझ्या स्वतःच्या एका चुकीचे आहे. ते मी आजवर आमच्या वस्तीतल्या चार माणसांपलीकडे कोणाला सांगितले नाही. आज या पानावर सांगतो. आपल्या घरांतली कितीतरी मुले आज ट्रक, टेम्पो, डंपर चालवतात, कोणी क्लीनर आहेत, कोणी हमाली करतात. त्यांच्या आईबापांनीही हे वाचावे.

मी १९८९ साली बदलापूर गावाजवळच्या एका खासगी वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो. बदलापूर गाव म्हणजे स्टेशनच्या पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूचे जुने गाव. शिवाजी महाराजांच्या काळात इथे थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून बदलापूर असे जुनी माणसे सांगतात. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण थकलेल्या जनावरावर ओझे लादू नये एवढी अक्कल त्या गोष्टीत आहे, हे मला फार उशिरा कळले.

तेव्हा आमचा काटा दांडीचा होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यावर लोखंडी फलाट, फलाटाखाली तरफा आणि केबिनमध्ये लांब दांडी. गाडी फलाटावर आली की दांडीवरचे वजन सरकवत सरकवत दांडी समतोल करायची आणि आकडा वाचायचा. पुढे खड्ड्यात लोडसेल बसले आणि केबिनमध्ये लाल आकड्यांची पेटी आली. दरवर्षी वैधमापन खात्याचा निरीक्षक येऊन प्रमाणित वजने ठेवून काटा तपासायचा आणि शिक्का मारायचा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी आणि गाळ साचायचा. तो काढला नाही तर फलाट अडकतो आणि काटा चुकीचा आकडा दाखवतो. तो गाळ मी स्वतः घमेल्याने काढलेला आहे.

वाचकांना काट्याचा हिशेब माहीत असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. गाडी आधी रिकामी काट्यावर चढते, ते रिकामे वजन. मग भरून येते, ते भरलेले वजन. दोन्हींतला फरक म्हणजे माल. मालाचे पैसे या फरकावर ठरतात. पण सरकारचा नियम असतो भरलेल्या वजनावर, म्हणजे गाडी आणि माल मिळून रस्त्यावर किती भार पडतो त्यावर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ मध्ये हे आहे. कोणत्या गाडीला किती, हे केंद्र सरकार ठरवते. ऑक्टोबर १९९६ च्या अधिसूचनेप्रमाणे दोन एक्सलच्या सहा चाकी ट्रकला १६.२ टन आणि तीन एक्सलच्या दहा चाकीला २५ टन अशी मर्यादा होती.

ही मर्यादा उगाच नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठा प्रयोग झाला. त्यातून असे दिसले की एक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. म्हणजे पावसाळ्यानंतर आपल्या रस्त्यांची जी चाळण होते, त्यात पाण्याइतकाच जादा भरलेल्या गाड्यांचाही हात असतो. रस्त्याचे हे हाल, तर त्याच भाराखाली टायर, पाटे आणि ब्रेक यांचे काय होत असेल?

आता माझ्या चुकीकडे येतो.

आमच्या भागात वीटभट्ट्या पुष्कळ. दिवाळीनंतर भट्ट्या सुरू झाल्या की कोळशाच्या गाड्या चालू होतात. कोळसा वजनावर विकतात, त्यामुळे प्रत्येक गाडी काट्यावर यायची. त्या दिवसांत आमच्या काट्यावर एका गाडीच्या दोन पावत्या करण्याची पद्धत होती. एक पावती खरी. ती व्यापाऱ्याकडे आणि भट्टीमालकाकडे जायची, कारण त्यावर पैशाचा हिशेब होता. दहा किलोचा फरक पडला तरी दोघे भांडत येत. दुसरी पावती रस्त्याची. तिच्यावर १६ टनांच्या आसपासचा आकडा लिहायचा आणि ती ड्रायव्हरच्या हातात द्यायची. वाटेत कोणी अडवले तर ती दाखवायची. या दुसऱ्या पावतीचे मला वीस रुपये मिळायचे. काटामालकाला किती मिळायचे ते मी विचारले नाही.

मला त्यात काही गैर वाटत नव्हते असे म्हणणार नाही. वाटत होते. पण सगळेच करतात, आपण नाही केले तर दुसरा करील, असे मनाला सांगून मी रोज सही करत होतो. घरी दोन मुले शाळेत होती, आई म्हातारी होती. वीस-वीस रुपयांचे महिन्याला बरे जमायचे.

जानेवारी २००४ मधली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास कोळशाची एक सहा चाकी गाडी आली. ड्रायव्हर आमच्याच वस्तीतला होता. त्याची बायको आणि माझी बायको एकाच महिला मंडळात होत्या. गाडीच्या बाजूंना फळ्या लावून उंची वाढवली होती आणि वर कोळशाचा ढीग होता. ढिगावर चार हमाल बसले होते. भट्टीवर माल उतरवायला त्यांना नेत होते. पेटीवर आकडा आला २०,३४०. गाडीचे रिकामे वजन ६,४२०. म्हणजे माल १३,९२० किलो. मर्यादेपेक्षा ४,१४० किलो जास्त.

ड्रायव्हर केबिनच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "दादा, मागचा पाटा कुरकुरतोय. शेठला सांगितलं दोन टन कमी भर, तर म्हणतो दुसरा ड्रायव्हर बघू का." मी हसलो. म्हणालो, "सांभाळून ने." आणि दोन पावत्या लिहिल्या. खऱ्या पावतीवर २०,३४०. रस्त्याच्या पावतीवर १६,०८०. वीस रुपये खिशात टाकले.

वांगणीच्या बाजूला एका उताराच्या वळणावर गाडीचा मागचा पाटा तुटला. गाडी एका बाजूला कलली, फळ्या निखळल्या, कोळसा आणि त्यावर बसलेली माणसे खाली आली. तिघांना मुका मार लागला. चौथा एक कातकरी मुलगा होता, सतरा-अठरा वर्षांचा. त्याचा पाय गाडीखाली सापडला. दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलीस आले. कागद तपासले. ड्रायव्हरच्या खिशात माझ्या सहीची पावती होती, १६,०८०. म्हणजे वजन नियमात. वजन नियमात असेल तर दोष कोणाचा? चालवणाऱ्याचा. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. मालकाने सांगितले की माझी गाडी ठणठणीत होती, माल नियमात होता, यानेच वळणावर वेग ठेवला. व्यापाऱ्याकडची खरी पावती कोणी मागितली नाही आणि त्याने दाखवली नाही.

बंधुभगिनींनो, कायद्यात काय आहे ते नीट समजून घ्या. जादा वजनाच्या दंडाचे कलम १९४ आहे. त्यात फक्त गाडी चालवणाऱ्याला दोषी धरलेले नाही. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही तितकेच दोषी धरलेले आहे. म्हणजे गरीब ड्रायव्हरच्या मागे उभा असलेला मालक कायद्याला दिसतो. पण कधी? काट्याची पावती खरी असेल तेव्हा. माझ्या खोट्या पावतीने मालकाला झाकले आणि ड्रायव्हरला एकटे उघड्यावर सोडले. मी त्या माणसाला दंडापासून वाचवतो आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्याचा एकमेव साक्षीदार मारून टाकला होता.

त्या रात्री मी घरी जेवलो नाही. बायकोने विचारले, "अहो, काय झालं?" मी तिला आणि आईला सगळे सांगितले. बायको रडू लागली, कारण दुपारीच ती त्या ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला धीर देऊन आली होती.

आई बराच वेळ बोलली नाही. माझी आई मुरबाड तालुक्यातल्या खेड्यातली. लहानपणी तिने गावच्या दुकानदाराचे माप पाहिले होते. ती सांगायची, आपल्या माणसांनी दिवसभर खळ्यावर राबायचे आणि संध्याकाळी पायलीने भात मोजून घ्यायचा. दुसऱ्याला देताना पायली शिगोशीग भरायची, आपल्याला देताना तळाशी अंगठा घालून. तेसुद्धा पदरात वरून टाकायचे, म्हणजे शिवाशिव नको. कमी भरले म्हणून विचारायची सोय नव्हती. माप त्याचे, हातही त्याचाच आणि तोंडही त्याचेच.

आई म्हणाली, "मापात पाप करणाऱ्याच्या दारात आम्ही जन्मभर उभे राहिलो. तू शिकलास, तुझ्या हातात काटा आला. मला वाटलं, आता आपल्या माणसाचं वजन खरं लिहिलं जाईल. तू तर त्याच्याच गादीवर जाऊन बसलास."

आईला अक्षर येत नव्हते. पण मला आजवर कोणी एवढे स्पष्ट सांगितले नव्हते.

पुढे धम्माची पुस्तके वाचताना मला कळले की आईचे बोलणे फार जुने आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात शीलाची जी यादी आहे, तिच्यात चोरी आणि खोटे बोलणे यांबरोबर आणखी एक गोष्ट वर्ज्य सांगितली आहे. तुलाकूट, कंसकूट आणि मानकूट. तुलाकूट म्हणजे तराजूतली लबाडी, कंसकूट म्हणजे धातू-नाण्यातली लबाडी, मानकूट म्हणजे मापातली लबाडी. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंतांना तराजूची आठवण का झाली असेल? बाजारात फसतो तो गरीबच, कारण पुन्हा मोजून घेण्याची ताकद त्याच्याकडे नसते. आपण विहारात पंचशील म्हणतो, त्यातले दुसरे आणि चौथे शील मी एका सहीने एकाच वेळी मोडत होतो, आणि तेही वीस रुपयांना.

आणखी एक योगायोग सांगतो. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच डिसेंबर महिन्यात देशात वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. शेर, मण, पायली जाऊन सगळ्या देशाला एकच किलो, एकच लिटर आले. पाटलाचा किलो वेगळा आणि महाराचा वेगळा, हे यापुढे कायद्याने चालणार नव्हते. आईला हे मी समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दीक्षा आणि माप एका सालात मिळालं." मी तो योगायोग म्हणतो. आई मात्र तसे मानायची नाही.

मला ठरवायला चार महिने लागले. नोकरी जाईल ही भीती होती. खरी पावती लिहिताना खाली कार्बन असायचा आणि स्थळप्रत वहीत राहायची. ती वही केबिनच्या कपाटात होती, किल्ली माझ्याकडे होती. मी रोज ते कपाट उघडत होतो आणि बंद करत होतो.

त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला विहारातून परतताना मी ड्रायव्हरच्या घरी गेलो. तो जामिनावर सुटून आला होता. लायसन्स जप्त होते आणि तो भट्टीवर विटा वाहायला जात होता. मी त्याला आणि त्याच्या बायकोला सगळे सांगितले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, चार महिने मी यांनाच बोल लावत होते. रात्री-अपरात्री भांडत होते की तुम्ही गाडी नीट का चालवली नाही. खरं वजन तुमच्या वहीत होतं."

मला क्षमा मागायचीसुद्धा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी स्थळप्रतींची ती वही घेऊन त्याच्या वकिलाकडे गेलो आणि लेखी जबाब दिला. मी खोटी पावती केली हेही त्यात लिहिले. वकील म्हणाले, "तुम्हालाही त्रास होईल, विचार करा." मी म्हणालो, "विचार करण्यातच चार महिने घालवले." आठवड्याभरात माझी नोकरी गेली. सहा महिने घरी बसलो. बायकोने शिवणकामावर घर चालवले. नंतर अंबरनाथच्या बाजूला एका कारखान्याच्या गेटवरच्या काट्यावर मला काम मिळाले. तिथे मी मालकाला पहिल्याच दिवशी सांगितले की पेटीवर दिसेल तोच आकडा मी लिहीन. तिथूनच मी निवृत्त झालो.

खटला रेंगाळला. ड्रायव्हर सुटायला २००८ साल उजाडले. चार वर्षे गेली, त्याच्या मोठ्या मुलीची शाळा सुटली. ती वर्षे मी त्याला परत देऊ शकलो नाही. आता तो रस्त्यात भेटला की जय भीम करतो, मीही करतो. त्यापुढे आमचे बोलणे जात नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आणि तो कातकरी मुलगा? ड्रायव्हरच्या मागे निदान आपली वस्ती होती. विहाराने वर्गणी काढली, वकील दिला. त्या मुलासाठी कोणी आले नाही. मी दोनदा दवाखान्यात गेलो होतो, पण आपण कोण हे त्याला सांगण्याचे धाडस झाले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर भट्ट्या बंद झाल्या आणि भट्टीवरच्या कुटुंबांबरोबर त्याच्या घरचेही निघून गेले. पुढच्या हंगामात मी चौकशी केली. ते आले नव्हते. त्याचा हिशेब माझ्याकडे बाकी आहे आणि तो फिटेल असे आता वाटत नाही. आपल्यावरच्या अन्यायाबद्दल बोलताना मला तो मुलगा आठवतो. आपल्याहून खाली ढकललेला माणूस आपल्या हाताखाली सापडला की आपण काय करतो, हेही तपासायला हवे.

त्यानंतर नियम बरेच बदलले. जादा भारासाठी आगाऊ पैसे घेऊन गाड्यांना मोकळे सोडण्याची पद्धत काही राज्यांनी चालवली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि सांगितले की दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येणार नाही, तो उतरवलाच पाहिजे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने भाराची मर्यादाच वाढवली. सहा चाकीला १६.२ वरून १८.५ टन, दहा चाकीला २५ वरून २८.५ टन आणि सर्वांत मोठ्या जोडगाडीला ४९ वरून ५५ टन. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढला. पूर्वी किमान दोन हजार आणि प्रत्येक जादा टनाला एक हजार होते, ते वीस हजार आणि प्रत्येक टनाला दोन हजार झाले. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले. वजन करायला नकार देऊन गाडी पळवली तर दंड चाळीस हजार. माल बाजूला, मागे-पुढे किंवा वर मर्यादेबाहेर गेला तर वेगळे वीस हजार. जून २०२० मध्ये गाड्यांच्या आकाराचे नियमही बदलले आणि मालगाडीची उंची ३.८ मीटरवरून ४ मीटर झाली. पेंढा, भुसा असा हलका पण फुगीर माल नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्यांची गाडी काट्यावर पास होते आणि उंचीत अडकते.

२०१८ चा बदल वाचला तेव्हा मी जुना हिशेब पुन्हा मांडला. २०,३४० किलोची ती गाडी तेव्हा ४,१४० किलोने जास्त होती. आजच्या मर्यादेत धरली तरी १,८४० किलोने जास्तच ठरते. मधले २,३०० किलो तेव्हा गुन्हा होते, आता नियमात बसतात. नव्या गाड्यांचे ब्रेक, टायर, सांगाडे सुधारले आहेत, त्यामुळे मर्यादा वाढवण्याला कारण नव्हते असे मी म्हणणार नाही. पण एक प्रश्न काट्यावर बसून मला पडायचा, तो आजही पडतो. हे २,३०० किलो उचलले कोणी आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले?

त्या चार हमालांना मजुरी गाडीमागे होती, टनामागे नव्हती. ९,७८० किलो उतरवले काय आणि १३,९२० किलो उतरवले काय, पैसे तेवढेच. तीस किलोची एक पाटी धरली तर ४,१४० किलो म्हणजे जवळजवळ एकशे चाळीस पाट्या त्यांनी फुकट वाहिल्या असत्या. ड्रायव्हरलाही पैसे खेपेमागे. जादा चार टनांचे भाडे मालकाचे, स्वस्तात आलेला कोळसा भट्टीवाल्याचा, आणि धोका ड्रायव्हरचा व ढिगावर बसलेल्या पोरांचा. कोळसा किलो-किलोने मोजला, कारण त्यात पैसा होता. माणसांचे श्रम मात्र अंदाजाने धरले.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ४८ तासांवर आले, त्यामागे त्यांचे काम होते. आपण त्याला कामगारांचा विजय म्हणतो आणि तो आहेच. मला त्यात काटेवाल्याच्या नजरेने आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी श्रमाला माप लावले. माप लागल्याशिवाय जास्त घेतले की कमी दिले, हे सिद्ध करता येत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातल्या हमालांची नोंदणी आणि मजुरी नियमात आणली, तेही त्याच वाटेवरचे पाऊल होते. आमच्या त्या चार हमालांची मात्र कुठेच नोंद नव्हती.

म्हणून त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर इथे देतो. बाळा, शेठ वीस म्हणो की बावीस, तुझ्या गाडीच्या आरसी बुकात भरलेले वजन जेवढे नोंदले आहे तेवढेच तुझे. १८.५ चा नियम आला म्हणून जुन्या गाडीच्या बुकातला आकडा आपोआप वाढत नाही, तेव्हा आधी बुक उघडून बघ. काट्यावर गेलास की स्वतः खाली उतरून पेटीवरचा आकडा वाच. पावती पेटीवरच्या आकड्याचीच घे. मोबाइलवर तिचा फोटो काढून घरच्यांना पाठव. कमी आकड्याची पावती कोणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. तो कागद तुला एका दिवसाच्या दंडातून वाचवील आणि अपघाताच्या दिवशी तुझ्यावरच उलटेल. भरलेल्या मालावर माणसे बसवू नकोस. पगार ठरवताना खेपेबरोबर टनाचेही बोल. मालक ऐकत नसेल तर एकट्याने भांडू नकोस. पाच ड्रायव्हर एकत्र या, युनियनमध्ये जा, विहारात येऊन सांगा.

आणि जी मुले काट्यावर, गेटवर, गोदामात कारकुनी करतात, ज्यांच्या हातात पेन आणि शिक्का आहे, त्यांनाही हात जोडून सांगतो. शिकून आपल्या हातात माप आले आहे. आपल्या आजीच्या पदरात कोणी अंगठा घालून भात टाकला होता, हे विसरू नका. सही करण्यापूर्वी ती पावती शेवटी कोणाच्या खिशात जाणार आहे, याचा एक क्षण विचार करा.

आई २०११ साली गेली. मी दुसऱ्या काट्यावर लागलो तेव्हा पहिल्या पगाराच्या दिवशी ती एकदाच म्हणाली होती, "आता जेवण गोड लागतं." येत्या पौर्णिमेला तो मुलगा विहारात येईल. हा अंक मी त्याच्या हातात देणार आहे.